कुठे पाहायचं? : छोट्या वाचनालयाच्या संदर्भकपाटाविषयी

मार्गासनीला रस्ता फुटतो. एक फाटा वेल्ह्याकडे जातो, दुसरा साखरवरून गुंजवण्याला, राजगडाच्या पायथ्याशी. शनिवार-रविवारी पुण्याकडून आलेल्या गाड्या इथूनच वळतात आणि वळता वळता कुणाला तरी प्रश्न पडतो, की हा गड उंच किती? एके ठिकाणी १,३७६ मीटर सापडतात, दुसऱ्या ठिकाणी १,३९४. दोन्ही आकडे तितकेच ठाम. आता हाच प्रश्न प्रकल्पाची वही घेऊन आलेल्या सातवीतल्या मुलीने गावच्या वाचनालयात विचारला, तर टेबलामागच्या माणसाने काय करायचं?

बहुतेक वेळा हाताशी असेल ते पुस्तक उघडलं जातं आणि त्यातला आकडा वहीत उतरतो. मुलगी खूश, ग्रंथपालही खूश. पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाच्या वहीत दुसरा आकडा जातो. यात कुणी खोटं बोलत नाही, पण जिला संदर्भसेवा म्हणतात ती इथे घडलेली नसते. ती घडली असती तर ग्रंथपालाने दोन्ही आकडे दाखवले असते, कोणतं पुस्तक कोणत्या साली छापलं आणि त्याने आकडा कुठून उचलला हे पाहिलं असतं, आणि शेवटी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाकडे बोट केलं असतं. कारण उंची मोजणं हे त्या खात्याचं काम आहे, गडावर पुस्तक लिहिणाऱ्याचं नव्हे. उत्तर द्यायचं आणि ते कुठून आलं तेही खाली लिहून द्यायचं, एवढी एक सवय लागली तरी पुढची पानं वाचण्याचे कष्ट वसूल झाले असं मी समजेन.

ही पुस्तिका भोर-वेल्हे भागातल्या लहान वाचनालयांचे ग्रंथपाल समोर ठेवून तयार केली आहे. यातल्या बहुतेकांना ‘ग्रंथपाल’ हे पद मोठं वाटतं. सकाळी शेत किंवा दुकान, संध्याकाळी दोन-तीन तास वाचनालय असा त्यांचा दिवस असतो. वाचनालय ‘ड’ वर्गाचं असेल तर वर्षाचं अनुदान २०२२ च्या वाढीनंतर ४८ हजार रुपये. त्याआधी ते ३० हजार होतं. त्यातला निम्मा वाटा वेतनाचा. उरलेल्यात वीज, वर्तमानपत्रं, कपाटाची डागडुजी, आणि मग जमलं तर पुस्तकं. अशा ठिकाणी वीस खंडांचा विश्वकोश विकत घ्या म्हणणं ही थट्टा झाली. म्हणून या पुस्तिकेत खरेदीची यादी छोटी आहे आणि ‘कुठे पाहायचं’ ही यादी मोठी आहे. एखादा ग्रंथ आपल्या कपाटात नाही, पण तो अस्तित्वात आहे, त्यात काय मिळतं आणि तो जवळात जवळ कुठे पाहता येईल, इतकं ज्याला ठाऊक आहे त्याचं वाचनालय चार फळ्यांचं असूनही मोठं असतं.

ग्रंथपालांसाठी संदर्भग्रंथांचा संदर्भग्रंथ करायचा ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ॲलिस क्रोगर या बाईंनी १९०२ मध्ये अशी मार्गदर्शिका काढली. पुढे मज, विंचेल अशा एकामागून एक संपादकांनी ती वाढवत नेली, इतकी की ग्रंथपाल तिला पुस्तकाच्या नावाने न ओळखता संपादकाच्या आडनावाने ओळखू लागले. इंग्लंडात १९५९ मध्ये वॉलफर्ड यांची मार्गदर्शिका आली. भारताविषयीच्या संदर्भसाहित्याची दोन खंडांची मार्गदर्शिका गिडवानी आणि नवलानी यांनी १९७४ मध्ये जयपूरहून काढली. अमेरिकन मार्गदर्शिका शेवटी पुस्तकातून संगणकावर गेली आणि २०१६ मध्ये बंदच झाली. लोक म्हणाले, आता शोधयंत्र आहे, यादी कशाला? मला हे पटत नाही. शोधयंत्र तुम्ही विचारलेल्या शब्दाला उत्तर देतं. काय विचारायचं हे ज्याला माहीत नाही, त्याला ते काहीच सांगत नाही. आणि आपल्याकडे येणाऱ्या दहा वाचकांतल्या सातांची अडचण नेमकी तीच असते.

आता आपल्या भागाचंच एक उदाहरण घेतो, कारण संदर्भग्रंथ म्हणजे काय हे त्याच्याइतकं स्वच्छ मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

भोर तालुक्यातलं कारी हे जेध्यांचं गाव. त्या घराण्याच्या दप्तरात एक शकावली होती. शकावली म्हणजे तिथीवार टिपणांची यादी: अमुक शकात, अमुक महिन्यात, अमुक तिथीला हे घडलं. गोष्ट नाही, वर्णन नाही, कुणाची स्तुतीही नाही; ओळीखाली ओळ. शके १५४० ते १६१९, म्हणजे इसवी सन १६१८ ते १६९७ या काळातल्या नोंदी तिच्यात आहेत. लोकमान्य टिळकांनी ती मिळवली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत ती प्रसिद्ध झाली. तोवर शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे १६२७ मध्ये झाला असं बखरींच्या आधारे सर्वत्र मानलं जाई. शकावलीने फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ ही तिथी दिली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. त्यावर पुढे अनेक दशकं वाद झाले, इतर साधनं तपासली गेली, आणि २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने हीच तारीख स्वीकारली. आज सगळा महाराष्ट्र ज्या दिवशी शिवजयंतीची सुट्टी घेतो, तो दिवस भोर तालुक्यातल्या एका घराने जपलेल्या यादीतून आलेला आहे.

बखरी वाचायला रसाळ, शकावली वाचायला कोरडी. पण तारखेच्या प्रश्नावर कोरडं साधन उपयोगी पडलं. आपल्याला संदर्भकपाटात जे ठेवायचं ते याच जातीचं असतं. कुणी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणार नाही, घरी नेणार नाही, देवघेव नोंदवहीत त्याची एकही ओळ चढणार नाही. तपासणीला आलेले साहेब विचारतील, हे पुस्तक कुणी नेत नाही, मग घेतलं कशाला? त्यांना शकावलीची हकीकत सांगावी.

शकावलीतली तिथी इंग्रजी तारखेत कशी बदलायची, हा लगेच पुढचा प्रश्न. तो विद्यार्थी विचारतो, घराण्याचा इतिहास लिहायला बसलेला निवृत्त शिक्षक विचारतो, आणि जुना इनामाचा कागद घेऊन आलेला शेतकरीही विचारतो. शिवकालासाठी खरे जंत्री, पुढच्या काळासाठी मोडकांची जंत्री, आणि सगळ्यांवर पुरून उरणारी स्वामिकन्नू पिल्ले यांची इंग्रजी पंचांगमाला. मोबाईलवर ही रूपांतरं करून देणारी साधनं आता निघाली आहेत. ती वापरावीत, पण अधिक महिना आणि हिजरी सन आला की एकदा छापील जंत्रीशी ताडून पाहावं. आपल्या गावी जंत्री नसणार हे गृहीत आहे. पुण्यात ती कुठे पाहायला मिळेल हे पुस्तिकेत आतल्या पानांवर दिलं आहे.

जुना कागद घेऊन येणाऱ्या माणसाविषयी इथेच एक सूचना करतो. कागद मोडीत असेल आणि आपल्याला मोडी येत नसेल तर तसं सरळ सांगावं. अंदाजाने वाचू नये, कारण त्या वाचनावर पुढे भावाभावांत दावे उभे राहतात. कागद लॅमिनेट करू देऊ नये, त्याला चिकटपट्टी लावू देऊ नये. पुण्याचं पुरालेखागार, म्हणजे लोक ज्याला पेशवे दफ्तर म्हणतात ते, आणि भारत इतिहास संशोधक मंडळ हे दोन पत्ते त्याच्या हाती द्यावेत. मंडळ १९१० मध्ये वि. का. राजवाड्यांनी मेहेंदळ्यांसह स्थापन केलं, आणि मावळातल्या देशमुख घराण्यांचे कित्येक कागद त्याच्या प्रकाशनांत छापलेले आहेत. गुंजण मावळाच्या शिळीमकरांविषयी किंवा कानद खोऱ्याविषयी कुणी विचारलं तर ‘शिवकालीन पत्रसारसंग्रह’ आधी उघडावा. त्यात पत्रांचा गोषवारा कालक्रमाने दिला आहे, म्हणजे मूळ पत्र शोधण्याआधी ते आहे की नाही हे कळतं. कागदात अडलेला शब्द फारसी असेल तर माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा ‘फारसी-मराठी कोश’, कारभारी असेल तर य. न. केळकरांचा ‘ऐतिहासिक शब्दकोश’. नातवंडांना ‘माधव जूलियन’ हे कवी म्हणून माहीत असतात. त्यांनीच हा फारसी कोश केला, हे आवर्जून सांगावं.

पुढचं प्रकरण आपल्या भागापुरतं सर्वांत महत्त्वाचं आहे, आणि बाहेरची कोणतीही मार्गदर्शिका ते सांगणार नाही. भोर-वेल्ह्याविषयी माहिती शोधताना माणूस पहिल्यांदा पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर उघडतो. कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअर मालेत पुण्याचा अठरावा खंड तीन भागांत आहे, १८८५ चा. त्यात जुन्नर आहे, मावळ आहे, पुरंदर आहे. आपला भाग मात्र पुणे जिल्ह्याचा म्हणून मिळत नाही. कारण तेव्हा तो पुणे जिल्ह्यात नव्हताच. भोर हे पंतसचिवांचं संस्थान होतं आणि इंग्रजी कारभारात त्याची गणना साताऱ्याच्या जहागिरींत होई. संस्थानाचे तालुके विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे गडांच्या आणि मावळाच्या नावांनी ओळखले जात. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, घाटमाथ्याचा भाग पुणे जिल्ह्यात आला आणि सुधागड खाली कुलाब्याकडे, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याकडे गेला. म्हणून १९५४ च्या सुधारित पुणे गॅझेटिअरमध्ये आपण सापडतो आणि १८८५ च्या खंडात हरवतो. हे ठाऊक नसलेला अभ्यासक ‘भोरची माहितीच उपलब्ध नाही’ असं लिहून मोकळा होतो.

नावांचा गोंधळ इथे संपत नाही. जुन्या सरकारी कागदांत ‘वेल्हे महाल’ येतो, नंतर ‘वेल्हे तालुका’, आणि आता शासनाने तालुक्याचं नाव ‘राजगड’ केलं आहे. म्हणजे संस्थानाच्या काळातलं एक तालुक्याचं नाव फिरून परत आलं, पण हद्द तीच आहे असं मानून चालू नये. तालिकेत ‘वेल्हे – पाहा राजगड’ आणि ‘राजगड तालुका – पूर्वीच्या नोंदींसाठी पाहा वेल्हे’ अशी दोन परस्पर संदर्भपत्रं आजच घालून ठेवावीत. २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका, जिच्यात गावनिहाय लोकसंख्या, शाळा, पाणी, दळणवळण अशा सोयी दिलेल्या असतात, ती ‘वेल्हे’ याच नावाखाली आहे आणि तशीच राहणार. ‘राजगड’ टाकून शोधणाऱ्या मुलाला तिथे गड मिळेल, तालुका मिळणार नाही. तीच गोष्ट अहमदनगर-अहिल्यानगर आणि औरंगाबाद-छत्रपती संभाजीनगर यांची.

मोठ्या कोशांविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण आत प्रत्येकाला स्वतंत्र पान दिलं आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ तेवीस खंडांचा. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत, सरकारी पाठबळाशिवाय, कंपनी काढून आणि वर्गणीदार गोळा करत हे काम उभं राहिलं. त्याचे पहिले पाच खंड प्रस्तावनेचे आहेत. माझी ही पानं लांबली म्हणून रागावणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. ज्ञानकोशातलं विज्ञान आज कालबाह्य आहे, लोकसंख्या तर आहेच, पण जातिजमाती, गावं, संस्थानं, जुने ग्रंथकार यांच्यासाठी तो अजून उघडावा लागतो. त्यातली काही मतं आज वाचवत नाहीत, हेही वाचकाला सांगावं. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि त्यांचाच ‘वाक्संप्रदाय कोश’ यांना अजूनही पर्याय नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची सुधारित आवृत्ती १८५७ ची. पीकपाणी, अवजारं, गुरांचे रोग यांचे जे शब्द आपल्या आजीच्या तोंडी होते, ते या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आणि त्याच्या मराठी शास्त्र्यांनी नोंदवले. शहरातल्या अलीकडच्या कोशांत ते पाहू नयेत. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचे प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश, महादेवशास्त्री जोशींचा दहा खंडांचा ‘भारतीय संस्कृतिकोश’, आणि लेखकांसाठी दडकर, गणोरकर, डहाके, भटकळ यांनी संपादलेला ‘संक्षिप्त मराठी वाङ्मयकोश’. एवढं झालं की रोजच्या प्रश्नांपैकी बरेच सुटतात.

मराठी विश्वकोशाचं वेगळं सांगायला हवं. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी हे काम उभारलं. गंमत अशी की सर्वांत आधी बाहेर पडला तो अठरावा खंड, १९७३ मध्ये. तो परिभाषासंग्रह आहे, कारण नोंदी मराठीत लिहायच्या तर आधी शब्द ठरवायला हवे होते. पहिला खंड १९७६ चा. त्यामुळे खंडाच्या पाठीवरचा क्रमांक पाहून नोंद किती जुनी ते ठरवता येत नाही; मुखपृष्ठामागचं वर्ष पाहावं लागतं. १९७६ च्या खंडातली लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेची असणार, हे सांगितलं नाही तर मुलं ती आजची म्हणून लिहितात. विश्वकोश आता संकेतस्थळावर फुकट वाचता येतो, केतकरांचा ज्ञानकोशही, आणि मोल्सवर्थ तर शिकागो विद्यापीठाने ठेवला आहे. मोबाईलला रेंज असेल तर ‘ड’ वर्गाच्या वाचनालयातही ही तीन कपाटं उघडतात. रेंज मिळेल तेव्हा नेहमी लागणाऱ्या नोंदी छापून फाईल करावी, कारण पावसाळ्यात आपल्याकडे वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाची.

आता ज्या ग्रंथासाठी मी ही प्रस्तावना लिहायला तयार झालो, त्याच्याकडे येतो. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’. पहिला भाग १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांचा, दुसरा १९३८ ते १९५० चा. त्याआधी याद्या नव्हत्या असं नाही. १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्यामुळे सरकार दर तिमाहीला याद्या काढत होतं. ब्लुमहार्ट यांनी ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी-गुजराती पुस्तकांची सूची १८९२ मध्ये छापली होती. पण मराठीत आजवर काय काय छापलं गेलं, या प्रश्नाचं एकत्र उत्तर कुठेच नव्हतं. दात्यांनी ते वाचनालयावाचनालयांतून हिंडून, पुस्तक प्रत्यक्ष हाती घेऊन जमवलं. पुढे त्यांनी दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांच्यासह मराठी नियतकालिकांच्या सूचीचंही काम केलं. १९५१ नंतरच्या पुस्तकांसाठी शरद केशव साठे यांनी हा धागा पुढे नेला.

माझ्या मते विसाव्या शतकातल्या मराठी ग्रंथांत याच्याइतका उपयोगी आणि याच्याइतका उपेक्षित ग्रंथ दुसरा नाही. कवीला पुरस्कार मिळतो, कादंबरीवर परिसंवाद होतात. सूचिकाराचं नाव ग्रंथपालांनाही सांगता येत नाही. या सूचीचा आपल्याला रोजचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. एक सांगतो. गावातल्या एखाद्या घरातून आजोबांची पुस्तकं देणगी म्हणून येतात. पोत्यात भरलेली, मुखपृष्ठ गेलेली, शेवटची पानं नसलेली. त्यांतली किती रद्दीत जातात! लेखकाचं नाव किंवा नुसतं शीर्षक उरलं असेल तरी सूचीत ते काढून प्रकाशक, साल, पृष्ठसंख्या कळते आणि हे पुस्तक पुण्यात इतरत्र आहे की नाही ते विचारून घेता येतं. नसेल तर ते एकुलतं पुस्तक आपल्याकडे आहे. रद्दीचा निर्णय सूची पाहिल्याशिवाय घेऊ नये.

नव्या पुस्तकांची नोंद कुठे होते, हाही प्रश्न येतो. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रती कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना पाठवायच्या असतात, आणि त्यावरून भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची तयार होते. जो प्रकाशक पाठवत नाही त्याचं पुस्तक तिथे नसतं. तालुक्याच्या गावी छापलेली यात्रेची पुस्तिका, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका किंवा हौशी कवीचा संग्रह या यादीत सापडेल अशी आशा धरू नये.

ग्रंथपालाच्या स्वतःच्या धंद्याची साधनं हा पुस्तिकेचा दुसरा भाग. तो लहान आहे आणि थोडा रूक्षही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा, १ मे १९६८ पासून लागू. त्याबरोबर १९७० चे अनुदान नियम. ही दोन्ही प्रकाशनं दाखल नोंदवहीशेजारी असायलाच हवीत, कारण अनुदान थांबलं की सगळे एकमेकांना विचारत बसतात आणि नियम कुणीच उघडत नाही. शासनमान्य ग्रंथयादी आणि भाषा संचालनालयाचा ग्रंथालयशास्त्राचा परिभाषा कोश हेही हवेत. ड्युईच्या दशांश वर्गीकरणाची संक्षिप्त आवृत्ती पुरते. खरं तर आपल्याकडचे बहुतेक ग्रंथ ८९१.४६३ मध्ये, म्हणजे मराठी कथा-कादंबरीत जातात आणि गडकिल्ल्यांची सगळी गर्दी ९५४.७९२ मध्ये होते. तिथे राजगड, तोरणा, रायरेश्वर असे स्थानिक भेद आपण पाडून घ्यावेत; फक्त ते लिहून ठेवावेत, नाहीतर पुढचा ग्रंथपाल वेगळे पाडतो. रंगनाथनांचे १९३१ मध्ये मांडलेले ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम परीक्षेपुरते पाठ केले जातात. त्यांतला वाचकाचा वेळ वाचवा हा नियम मात्र टेबलासमोर लिहून लावण्यासारखा आहे.

आपल्या व्यवसायाला मराठीत परंपरा नाही असं समजणाऱ्यांसाठी एक आठवण. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं, आणि १९१२ पासून तिथून निघालेलं ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत होतं. आपल्या मुंबई इलाख्यात फैजी समितीने १९४० च्या सुमारास मध्यवर्ती ग्रंथालयापासून थेट गावापर्यंत उतरंड आखली होती. तिच्या तळाची पायरी म्हणजे आपण.

शेवटचं प्रकरण कोऱ्या पानांचं आहे. भोर-वेल्ह्याचा संदर्भग्रंथ पुण्यामुंबईत बसून कुणी करणार नाही. तो इथल्या ग्रंथपालांनी करायचा आहे आणि त्याला छापखाना लागत नाही. गावागणिक एक पाकीट करावं. वर्तमानपत्रात गावाचं नाव आलं की कात्रण, त्यावर दैनिकाचं नाव आणि तारीख. ग्रामदैवताच्या यात्रेची तिथी. शाळा कधी सुरू झाली, एसटी कधी आली, पूल कधी बांधला, आणि हे कोणी सांगितलं. पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं, हे सगळ्या पुस्तकांत आहे, कारण त्याने पुणं बुडवलं. पण पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी या धरणांपायी जी गावं उठली, ती कुठे वसली, त्यांची देवळं कुठे गेली, जुन्या गावठाणातल्या वाड्यांची नावं काय होती, याची यादी करायला आज सांगणारी माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत. जेध्यांच्या शकावलीसारखीच ही टिपणं: तिथी, घटना, सांगणाऱ्याचं नाव. मतं नकोत, अलंकार नकोत. सांगणाऱ्याची परवानगी मात्र घ्यावी आणि कुणाच्या जमिनीच्या वादाचा कागद उघड्या फायलीत ठेवू नये.

आतल्या नोंदींत चुका असतील. आवृत्त्या बदलतात, संकेतस्थळं बंद पडतात, कार्यालयं जागा बदलतात. दुरुस्ती सुचवताना पान, नोंद, तुमच्या हातातल्या पुस्तकाचं नाव आणि आवृत्तीचं वर्ष कळवा. वर्ष नसलेली दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत घेता येणार नाही.